बस स्टँडजवळ, अर्जुनी

कुडवा, गोंदिया
१२ फेब्रुवारी २००४

भाऊ,

आधी पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड.

उद्या-परवा तुझ्याकडे एक पार्सल येईल. पांढऱ्या कपड्यात शिवलेलं, छोटंसं. ते मात्र फाडू नको, कैचीने हळू उसव. आत कॅसेट आहे. आणि त्या कॅसेटवर बाबूजी आहेत!

आता तू हसून राहिला असशील. की ही रुचि, हिला कॉलेजमध्ये टेप रेकॉर्डर बक्षीस काय मिळाला, ही आता काहीही बनवून पाठवते. खरंय, मी राइस मिलचा आवाज भरला, जंक्शनवरच्या बाईची अनाउन्समेंट भरली, तळ्यावरचे बेंडूक भरले. माय म्हणते, एक दिवस ही भाताला उकळी येते ते पण भरून ठेवील. पण हे मी नाही भरलं. बाबूजी स्वतः म्हणाले, "ते यंत्र आन इकडे. कोनतं बटन दाबाचं तेवढं सांग आन् जा."

मग कोठीत जाऊन दार लावून घेतलं. पाऊण तास! मी आणि माय ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसलो होतो. एक शब्द ऐकला नाही, प्रॉमिस. माय तर कानात पदर खुपसून बसली होती. बाहेर आले तेव्हा कॅसेट हातात. मायला समोर बसवून कपड्यात शिवून घेतली. मी म्हटलं, बाबूजी, एक कॉपी करून ठेवते. तर म्हणतात, "काऊन? मी का पिक्चरचा गाना होय? जेचं आहे तोच आयकल."

तीन वर्षांपूर्वी तू वहिनीला घेऊन फाटकात उभा राहून म्हटलं होतं ना, की ज्या तोंडानं हिला जंगलातली म्हटलं, त्याच तोंडानं हिचं नाव घेऊन बोलवाल तेव्हाच दोघं येऊ. चिठ्ठी नको, निरोप नको, तोंडानं. ते बाबूजींना शब्द न् शब्द पाठ आहे. मला वाटते तेच आहे कॅसेटमध्ये. मीच आली असती घेऊन, पण मागच्या वेळी तू मला स्टेशनवरूनच परत पाठवलं. बाजूच्या दुकानात फोन केला तर तू आला नाही.

बाबूजी म्हणत होते पोस्टानं रजिस्ट्री कर. मी म्हटलं, तुम्ही पण कोणत्या जमान्यात आहात! कुरियर केलं. दोन दिवसांत गॅरंटी. पत्ता इंग्लिशमध्ये, कॅपिटल लेटर्समध्ये, एकदम टकाटक.

२० तारखेला नागपूरला बाबूजींच्या गळ्याचं छोटं ऑपरेशन आहे. गाठ काढायची आहे. तू टेन्शन घेऊ नको.

वहिनीला घेऊन ये. प्लीज.

तुझी,
रुचि

ता. क. बाबूजींनी मागच्या खोलीला चुना मारायला माणूस लावला आहे. कोणासाठी, विचारलं तर म्हणतात, उंदरांसाठी.


३ मार्च २००४

भाऊ,

कुरियरच्या ऑफिसमध्ये जाऊन आली. पार्सल १६ तारखेलाच पोचलं आहे. मी बाबूजींना सांगितलं, पोचलं, सही आहे. तेव्हापासून ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात.

मग तू काऊन नाही आला?

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. छोटं ऑपरेशन नव्हतं ते. तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्यांच्या गळ्यात जे झालं होतं, ते पूर्ण स्वरयंत्रासकट काढावं लागलं. गळ्याला समोरून छेद आहे, त्यातून श्वास घेतात. आता ते बोलू शकत नाहीत. कधीच नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणूनच ते त्या दिवशी कोठीत जाऊन बसले. मी तुला हे लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू दयेनं येशील आणि मग म्हणशील, फसवून बोलावलं. तू त्यांचा आवाज ऐकून यावं, असं मला पाहिजे होतं. स्टुपिड आहे मी.

ते आता पाटीवर लिहितात, माझ्याच लहानपणीच्या. रोज सकाळी एकच लिहितात, "आला का?" मी मान हलवते. ते ओल्या फडक्यानं पुसतात.

जे तोंड बोलावणार होतं ते आता त्या कॅसेटमध्येच आहे. तू ऐकली ना?

रुचि


२१ मार्च २००४

भाऊ,

आज मी पार्सलची पावती मागून पाहिली. त्यावर इंग्लिशमध्ये लिहिलं आहे, 'बायकोने घेतले'. खाली अंगठा.

मी तुला काही म्हणत नाही. फक्त वहिनीला विचार, पार्सल कुठं आहे. तिला राग असेल, असू शकतो, बाबूजींनी तिला जे म्हटलं ते मी पण ऐकलं होतं. पण एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा आवाज लपवून ठेवणं, हे बदला घेण्यापेक्षा पण वाईट आहे. आणि ती तर सातवी शिकली आहे म्हणे, मग अंगठा कशाला? नाव लागू नये म्हणून?

माय म्हणते असं लिहू नको. मी लिहिलं.

रुचि


१० एप्रिल २००४

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत पहिलं. मी ते मायला दाखवलं नाही.

"माझी बायको माझं नाव घेते. बाजारात, भर चौकात, ए खुमेंद्र म्हणून हाक मारते. अंगठा नाही देत, सही करते. तुमच्याकडे सात पिढ्यांत कोण्या बाईनं केलं नाही ते करते. जिनं नाव सांगितलं नाही अशी बाई शोध, ती तुमच्याच जातीची निघेल. आणि आता पुन्हा पत्र लिहू नको."

लिहून राहिली आहे. सॉरी म्हणायला. वहिनीला पण सांग, मी सॉरी म्हटलं. हे किती छोटं दिसते लिहिल्यावर.

पण तू रागात लिहिलं ते माझ्या डोक्यातच बसलं. नाव न सांगणारी बाई. सोमवारी मी कुरियरच्या ऑफिससमोर सकाळपासून उभी राहिली. तिकडच्या लाइनचा पोऱ्या म्हणजे रोशन, लुनावर येतो बॅगा घ्यायला. मी पावती त्याच्या नाकासमोर धरली.

"हे कुठं दिलं?"

"अर्जुनीत, मॅडम. पत्त्यात अर्जुनी लिवलं होतं."

"कोणत्या अर्जुनीत?"

"कोनत्या मंजे? आमच्या लाइनले एकच अर्जुनी येते, सडक अर्जुनी. ते रेल्वेवाली मोरगाव अर्जुनी, तिची बॅग अलग."

भाऊ, घरात सगळे म्हणतात, खुमेंद्र अर्जुनीला राहते. कोणी मोरगाव म्हणतच नाही. पोस्टाच्या पत्रावर मी मराठीत लिहिते तेव्हा हात आपोआप 'अर्जुनी मोरगाव' लिहितो. पण त्या दिवशी मला इंग्लिश झाडायची होती ना! के. यू. पटले, निअर बस स्टँड, अर्जुनी. बस. बस स्टँड तर दोन्हीकडे आहे.

मी म्हटलं, "आणि नाव नाही विचारलं?"

"इचारलो ना! म्हटलो, के. यू. पटले इथंच राहतेत का? बाई म्हने, हाव. म्हटलो, पूरं नाव सांगा. तं तोंडाले पदर लावून हासे. म्हने, मालकाचं नाव आमी घेत नाही जी. आता मी का तिच्यासंग भांडू? मले अजून चौदा डिलिवरी होत्या. लिवलो, बायको."

म्हणजे सडक अर्जुनीला कोणी दुसरे के. यू. पटले आहेत. सापडलं, भाऊ! सापडलं! मी ऑफिससमोर उडीच मारली, रोशन घाबरून लुना चालू करून राहिला होता.

माझे फायनलचे पेपर परवापासून आहेत. पाच मेला संपले की दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जाते. मोठ्या काकांच्या गुड्डूला पाठवलं असतं, पण तो काकाजी काकाजी करत बाबूजींना सगळं सांगून टाकेल, आणि त्यांना मी अजून सांगितलं नाही. दोन महिने राहिली, अजून चार आठवड्यांत कॅसेट कुठं पळून जाते?

तुझी,
रुचि


८ मे २००४

भाऊ,

परवा गेली होती. पत्र लिहायला दोन दिवस लागले.

बस स्टँडच्या मागे घर आहे. दारात बाई धान सुपात घेऊन पाखडत होती. मी विचारलं, पटले इथंच का? तर हसली आणि पदर तोंडाला लावला. मी ओळखलं, हीच. धुरपताबाई. तिच्या मालकाचं नाव मला शेजारच्या पोरानं सांगितलं, कुवरलाल उरकुडा पटले. के. यू.

मी पार्सल म्हटल्याबरोबर तिनं सूप खाली ठेवलं.

"तू त्या बुढ्याची पोरगी होय का, माय?"

मी हो म्हटलं. तिनं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, तुम्ही ऐकली?

"आमच्या घरी पार्सल येतेच कधी? आमाले वाटलं, पोरानं सुरतवरून पाठवलं. लावून पायलो तं पयले शिव्याच शिव्या. अशा शिव्या का मी पोरीले बाहेर धाडली. मंग लय खोकलला. मंग म्हने, मी चुकलो रे. आन् मंग तेनं सुनेचं नाव घेतलं. सासरा सुनेचं नाव घेते का कधी, तूच सांग? म्हनून ध्यानात राहिलं. भूमेसरी. म्हने, भूमेसरीले संग घेऊन ये. पयले तिचा पाय पडू दे घरात, मंग तुया."

कुवरलालजी कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "मी त्या दिवशी जेवलो नाही, बेटा. आपला बाप आठवला."

"मग परत काऊन नाही केली?" मी जोरात बोलली. लाज वाटते आता.

"कोनाले करावं?" धुरपताबाई म्हणाली. "वर नाव आमचंच, पाठवनाऱ्याचं नावच नाही. तो लुनावाला पुन्हा फिरकला नाही. मी म्हटली, जेचं आहे तो शोधत येईल. देवाजवळ ठेवली होती. कोनाले हात नाही लावू देली."

होती.

भाऊ, त्यांच्या पोरीचं लग्न अक्तीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर झालं. पाहुण्यांमध्ये कोणाजवळ आवाज भरता येणारा टेप होता. बायका मांडवाचे गाणे म्हणत होत्या, कोणीतरी म्हटलं भरून घ्या. नवी कॅसेट नव्हती. धुरपताबाईनं देवाजवळची काढून दिली आणि सांगितलं, बुढ्याच्या बाजूले नाही, मागच्या बाजूले भरा. दोन्ही बाजूला काहीच लिहिलेलं नाही. भरणाऱ्यानं जी वर दिसली ती बाजू भरली.

अक्ती २२ तारखेला होती. मी १० तारखेला तुला लिहिलं होतं, सापडलं. मी ११ ला गेली असती तर. मी केमिस्ट्रीचे नोट्स पाठ करत होती. मला वाटते पास होईन.

त्यांच्या घरातच माझ्या रेकॉर्डरवर लावून पाहिली. पाऊण तास गाणी. खूप सुंदर आहेत, भाऊ. मागे भांड्यांचा आवाज, एक लेकरू रडते, मध्येच कोणी म्हातारी पुढची ओळ विसरते आणि सगळ्या हसतात. माझं डोकं खराब झालं होतं, तरी मी विचार करून राहिली होती की किती क्लियर आलं आहे. मग गाणं अर्ध्यात थांबते. थोडी खरखर. आणि मग बाबूजी.

सात सेकंद. मी घड्याळ लावून मोजलं. त्यांचा तो जुना, जाडा आवाज:

"अवो रुचे... ए रुचे! झालं मायं. हे बंद कसं करतेत वो?"

खटक.

एवढंच उरलं. तुझ्यासाठी भरलेल्या कॅसेटमध्ये माझं नाव उरलं.

धुरपताबाई माझे पाय धरायला लागली. तिला मी कसं सांगू की चूक तिची नाही. ती तर मी निघेपर्यंत म्हणत होती, मी नाव घेतली असती तं एवढं झालं नसतं.

भाऊ, तू तिला एकदा भेट. तोंड बाबूजींचं नाही, मान्य. पण तिच्या कानांनी ऐकलं आहे, तिला शब्द न् शब्द पाठ आहे. तिला खोटं बोलून काय मिळणार? तुला माझ्यावर विश्वास नाही, माझ्यावर ठेवू पण नको. तिच्यावर ठेव.

आणि वहिनीला सांग. बाबूजींनी तिचं नाव घेतलं. दोनदा, धुरपताबाई म्हणते.

रुचि


११ जुलै २००४

भाऊ,

मागचं पत्र परत आलं. वर पोस्टमननं लाल पेननं लिहिलं आहे, पत्ता न देता निघून गेले. मग मी जूनमध्ये पहिल्या गाडीनं अर्जुनी मोरगावला गेली. तुझ्या दुकानाला कुलूप. 'मोटार वाइंडिंग' ची पाटी होती तिथं दोन खिळे आहेत. समोरचा चहावाला म्हणाला, "खुमेंद्रभाऊ गेला बायकोले घेऊन. भिलाई म्हने का राजनांदगाव, मालूम नाही. बाईवर घरच्याइनं चोरीचा आळ घेतला म्हने, लय तपला होता. म्हने, आता घरच्याइले मी कुटं राहतो हेच मालूम नाही पाहिजे."

घरच्याइनं नाही, मी. पण ते मी चहावाल्याला काय सांगू?

हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही. तरी लिहून राहिली.

बाबूजींना मी सांगितलं. परत आल्यावर, त्याच दिवशी. मला वाटलं, निदान त्यांच्या मनातलं तरी निघेल. चार महिने ते फाटकाजवळ बसून हाच विचार करत होते, की पोरानं आपला आवाज ऐकला, आपण सुनेचं नाव घेतलं ते पण ऐकलं, आणि तरी आला नाही. मी सगळं सांगितलं. दोन अर्जुनी, के. यू., अंगठा, अक्ती. ते ऐकत होते. मग पाटीवर लिहिलं, "तू त्याची बाजू घेऊन राहिली."

मी म्हटलं, नाही बाबूजी, खरंच.

"लहानपणापासून घेते."

मी रेकॉर्डर आणि धुरपताबाईकडून आणलेली कॅसेट काढली. शेवटची गाणी लावली. ते माझ्याकडे असे पाहत होते की ही पोरगी आता लग्नाचे गाणे काऊन ऐकवून राहिली. मग खरखर आली आणि मग ते स्वतः बोलले.

माय आतून धावत आली. तिला वाटलं, चमत्कार झाला. हातात पीठ होतं तिच्या.

बाबूजींनी बोट फिरवलं, पुन्हा. मी मागे घेऊन लावली. पुन्हा. अकरा वेळा लावली. माझं नाव आलं की त्यांचे ओठ हलायचे, गळ्याच्या छेदातून नुसती हवा यायची. अकराव्या वेळी त्यांनी स्वतः बटन दाबून बंद केलं. आता त्यांना येत होतं.

मी म्हटलं, आता पटलं का? भाऊनं ऐकलंच नाही.

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, "आयकलं असतं तरी मालूम नाही आला असता का."

मी म्हटलं, आला असता! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान लेकराकडे पाहतात तसं. पुसलं. पुन्हा लिहिलं, "पुन्हा बोलता येत नाही. आग गुड्डू देईल."

मायनं पाटी ओढून घेतली. पण त्यांनी लिहिलं होतं, आणि आम्ही वाचलं होतं. गुड्डूला बोलावून त्याला पण दाखवलं. तो पंचवीस वर्षांचा माणूस, ओसरीवर बसून हुंदके देऊन राहिला. म्हणे, "काकाजी, दादा आला तं मी बाजूले होतो, बरं का." बाबूजींनी त्याच्या पाठीवर थापटलं.

डॉक्टर म्हणाले होते, गळ्यातलं ते आता छातीत उतरलं आहे. मी तारखा मोजत नव्हती. परवा, म्हणजे ९ तारखेला सकाळी गेले. मागच्या खोलीत. चुना मारल्यापासून ती रिकामीच होती, जून लागल्यावर स्वतःच तिथं झोपायला गेले होते.

मी भिलाईच्या तीन एसटीडी बूथवर फोन लावले. खुमेंद्र पटले, मोटार वाइंडिंग करतात, माहीत आहे का? एकानं विचारलं, "बहनजी, कौन सा सेक्टर?" राजनांदगावला आपल्या ओळखीच्या माणसानं बाजार फिरून पाहिला. अर्जुनी मोरगावच्या चहावाल्याला फोन केला, तो म्हणाला, दिसला तं सांगतो. आणि भाऊ, धुरपताबाई आणि कुवरलालजी आले. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. ती बाबूजींच्या पायाशी बसून राहिली. त्यांचा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहिला.

लोक दहा वाजता उचलू म्हणत होते. मी म्हटलं, थांबा. बाराची गाडी पाहू. बाराची गाडी आली, गुड्डू स्टेशनवर मोटरसायकल घेऊन उभा होता, एकटाच परत आला. मी म्हटलं, दोनची बस आहे राजनांदगावकडून. मोठे काका म्हणाले, "बेटा, कोन येऊन राहिलं आहे? कोनाले मालूम आहे?" मी म्हटलं, थांबा ना. थांबले. दोनची बस अडीचला आली.

मग सगळे माझ्याकडेच पाहायला लागले. मायकडे नाही, गुड्डूकडे नाही. गुड्डूच्या हातात मडकं होतं, तो पण माझ्याकडे पाहून राहिला होता. मी एक शब्द बोलली असती तर अजून तासभर थांबले असते, मला माहीत आहे.

मी म्हटलं, चला.

रुचि